लाल टोकाच्या काठ्या

पूल झाला आणि होडीतून पलीकडे जाणारं गिऱ्हाईक संपलं, तरी माणसं त्याला नावाडीच म्हणत राहिली. तीस वर्षं ज्याने सगळ्यांना इकडून तिकडे नेलं, त्याला दुसरं काय म्हणणार? पुढची दोन वर्षं त्याने घरात बसून काढली, म्हणजे बायकोचं डोकं खात काढली. चहात साखर कमी पडली, दाराची कडी नीट लागत नाही, बादली इथे कोणी ठेवली. शेवटी तिने हात जोडले आणि म्हणाली, "अहो, नदीवर जाऊन बसा, नाहीतर झाडावर जाऊन बसा, पण माझ्या पायात पायात करू नका."

तो नदीवर गेला आणि तिथे त्याला पक्ष्यांच्या बाई सापडल्या. सापडल्या म्हणजे अक्षरशः सापडल्या. शहरातल्या विद्यापीठातून आलेल्या ह्या बाई गुडघाभर गाळात रुतून उभ्या होत्या आणि डोक्यावर दुर्बीण धरून होत्या, स्वतः बुडाल्या तरी चालेल पण दुर्बीण भिजू नये म्हणून. नावाड्याने त्यांना ओढून काढलं आणि वर झापलंही. इथे गाळ आहे हे म्हशीला कळतं, असं काहीतरी बोलला. बाईंना राग आला नाही. उलट त्यांनी त्याला कामावर ठेवून घेतलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की नदीच्या मधोमध वाळूचं एक लांबोडकं बेट वर यायचं. चार महिने ते बेट राखायचं, बस्स.

त्या बेटावर सुरय अंडी घालायचे. नावाड्याने हे पाखरू जन्मभर पाहिलेलं होतं, पण त्याच्या लेखी ते एकच पाखरू होतं. एक नव्हे दोन जाती आहेत, हे बाईंनी शिकवलं. मोठा तो नदी सुरय. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, अंग राखाडी, आणि तोंड भलतंच फाटकं. बेटाच्या उंच टोकाला ह्यांची दोनशे घरट्यांची वस्ती. कोणी जवळ गेलं की सगळे एकदम उठणार, आरडाओरडा करणार, डोक्यात चोची मारणार, अंगावर घाण टाकणार. नावाडी तिकडे जाताना डोक्यावर पातेलं घालायचा.

दुसरा अंगाने लहान. नारिंगी चोच, आणि उन्हाळ्यात पोट असं काळं की चुलीवर बसून उठल्यासारखं वाटावं. नावाडी त्यांना काळपोटे म्हणू लागला. हे बेटाच्या सखल टोकाला, वाहून आलेल्या लाकडांच्या आसऱ्याने राहायचे, तेही एकेक जोडी सुटी सुटी. जवळ गेलं तर दोघं नवराबायको उडायची, बारीक आवाजात चिरचिर करायची, झालं. भरदुपारी वाळू तापली की नदीत पोट भिजवून आणायची आणि अंड्यांवर बसायची. नावाड्याचा जीव ह्यांच्यावर जडला. दांडगटांचं कोणी ना कोणी बघतंच, असं त्याचं म्हणणं.

"जगातल्या सगळ्या पाखरांची एक यादी असते काका," बाईंनी एकदा सांगितलं. "कोण किती धोक्यात आहे त्याची. नदीच्या घाटाला पायऱ्या असतात तसं समजा. कावळे, साळुंक्या सगळ्यात वरच्या पायरीवर. त्यांची काळजी नाही. नदी सुरय तिसऱ्या पायरीवर. त्यांची वाळू उपसली जाते, घरटी बुडतात, तरी अजून बरे आहेत. तुमचा काळपोटा चौथ्या पायरीवर. कितीतरी नद्यांवर पूर्वी होता, आता औषधालाही नाही."

"आणि खाली किती पायऱ्या?"

"एक."

"मग?"

"मग पाणी," बाई म्हणाल्या.

हे नावाड्याला पटकन समजलं, कारण घाट त्याने बाईंपेक्षा जास्त पाहिले होते.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून, म्हणजे पायातून, एक गोष्ट घडली. ह्या पाखरांचं घरटं म्हणजे वाळूत केलेला तळहाताएवढा खळगा, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. तो अनवाणी चालत होता. पायाखाली बारीक आवाज झाला आणि तळव्याला कोमट ओल लागली. काळपोट्याचं अंडं होतं. त्या रात्री तो जेवला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, पोट बरं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने काठ्या तोडायला घेतल्या.

गुडघाभर उंचीच्या बारीक काठ्या. प्रत्येक घरट्यापासून तीन वितींवर एक रोवायची, म्हणजे आपला पाय पडायला नको, मासेमारांचा नको, चुकून उतरलेल्या गुराचा नको. टोकाला रंग द्यायचा. मोठ्यांना पांढरा, काळपोट्यांना लाल, म्हणजे लांबून मोजायलाही सोपं. रोज सकाळी एकेका काठीशी थांबायचं, वाकून अंडी मोजायची आणि पुढे जायचं. कामात माणूस एवढा चोख की एक दिवस चुकला नाही, तापातही नाही. बाई तर खूशच झाल्या. त्यांनी काठ्यांचे फोटो काढले, कुठल्याशा सभेत दाखवले, आणि पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या नद्यांवरचे राखणदारही लाल-पांढऱ्या काठ्या रोवू लागले. नावाडी म्हणायचा, त्यात काय एवढं. पण छाती फुगायची ती फुगायचीच, आणि बायको म्हणायची, आता दारातून आत यायला आडवे व्हा.

काळपोट्यांची घरटी पहिल्या वर्षी एकोणीस होती. मग सतरा. मग चौदा, बारा. सातव्या उन्हाळ्यात नऊ. मोठ्यांची मात्र दोनशेच्या आसपास तशीच. आकडे ढळढळीत समोर होते, स्वतःच्या हाताने लिहिलेले. पण माणूस एकदा स्वतःच्या कामावर खूश झाला की त्याच्या डोळ्यांवर जी पट्टी बसते ती कोणाच्या बापाला सुटत नाही. एका वर्षी त्याने पाण्याला दोष दिला, एका वर्षी कुत्र्यांना, एका वर्षी उन्हाला.

ह्याच वर्षांत कधीतरी त्याच्या घराच्या कुंपणभिंतीवर कावळे यायला लागले. आधी दोन, मग चार-पाच. तो ओट्यावर चहा पीत बसायचा तेव्हा ते रांगेने भिंतीवर. हा उठला की तेही उठायचे आणि झाडावरून झाडावर करत नदीपर्यंत सोबत यायचे. बायकोने त्यांना नाव पाडलं होतं. "चला, तुमचे व्याही आलेत. फार वेळ बसवू नका त्यांना," ती आतून ओरडायची. नावाड्याला मनातून बरं वाटायचं. मुक्या जिवाला माणसाचा लळा लागतो, असं तो चारचौघांत सांगायचा. लळा कसला डोंबलाचा. पण ते पुढे.

त्या सातव्या उन्हाळ्यात, अंडी घातल्याला पुरते आठ दिवस झाले नव्हते, तर नवापैकी चार घरटी रिकामी. टरफल नाही, रक्त नाही, कुत्र्याचा माग नाही. खळगे पुसून घेतल्यासारखे स्वच्छ. आणि उंच टोकाच्या पांढऱ्या काठ्यांशी जवळजवळ सगळं जागच्या जागी. निवडून निवडून काळपोट्यांचीच अंडी उचलली जात होती, आणि निवड करायची अक्कल माणसाशिवाय कोणाला असणार? बेटाच्या आजूबाजूला रोज असणारा माणूस एकच होता, त्याचा मेव्हणा. तो तिथे जाळं टाकायचा.

मेव्हण्याला त्याने काठावरच गाठलं. जाळं उपसत होता बिचारा.

"किती अंडी नेलीस?" नावाड्याने विचारलं. ना राम ना रहीम, एकदम हेच.

"कसली?"

"काळपोट्यांची. तुझ्याशिवाय तिकडे कोण असतं?"

मेव्हण्याने जाळं खाली ठेवलं. तो तसा गरीब स्वभावाचा, बहिणीच्या घरी मोठ्याने हसणंही चुकवणारा. पण ह्या बोलण्याने त्याचा चेहरा उतरला. "दाजी, मला अंडी खायची तर घरी कोंबड्या आहेत," तो म्हणाला. "आणि मी रोज बघतो ते तुम्हाला सांगू का? तुम्ही बेटावर उतरता. एकेका काठीशी थांबता, वाकता, पुढे जाता. तुम्ही चार पावलं लांब गेलात की मागून ते उतरतात."

"ते कोण?"

"तुमचे व्याही."

नावाड्याला आधी वाटलं हा थट्टा करतोय. पण मेव्हण्याचं तोंड थट्टेचं नव्हतं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस तू?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार. शिकलेल्या बाई आहेत, त्यांचा काहीतरी प्रयोग चालू असेल. मध्ये मी कशाला तोंड घालू?"

नावाडी घरी आला. त्याचा विश्वास बसला नव्हता, पण झोपही लागली नाही. सकाळी तो नेहमीच्या आधीच बेटावर गेला आणि मधल्या उघड्या वाळूत, जिथे कधीच कोणी अंडं घालत नाही, दोन काठ्या रोवल्या. एक पांढरी, एक लाल. दोन्हींशी थांबला, वाकला, हात वाळूला लावला आणि होडीत येऊन आडवा पडला. फळीच्या फटीतून बघत राहिला.

फार वेळ लागला नाही. एक कावळा उतरला. पांढऱ्या काठीवरून असा चालत गेला की ती तिथे नाहीच. लाल काठीशी आला, थांबला. तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. चोचीने वाळू इकडची तिकडे केली. काही सापडलं नाही तेव्हा त्याने मान वर केली आणि सरळ होडीकडे बघितलं. त्या बघण्यात भीती नव्हती. कामावरच्या माणसाने चूक केली की मालक बघतो तसं ते बघणं होतं.

मग एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात आपोआप उलगडत गेली, नको नको म्हणताना. पांढऱ्या काठीशी जावं तर शेकडो पाखरं अंगावर येतात. लाल काठीशी गेलं तर दोनच, तीही चिरचिरणारी. कावळ्यांनी हे एका उन्हाळ्यात शिकून घेतलं असणार. आणि लाल कुठली, पांढरी कुठली, हे इतकं स्वच्छ रंगवून त्यांना कोणी दिलं? सात वर्षं, एक दिवस न चुकता, कोणी दाखवत नेलं? बेटावर चोर येऊ नये म्हणून त्याने डोळ्यांत तेल घातलं होतं, आणि चोराला घरोघर फिरवत होता तो स्वतः.

त्याने सगळ्या काठ्या उपटल्या. मोळी बांधून घरी आणली आणि पाणी तापवायच्या चुलीत घातली.

पण काठ्या गेल्या म्हणून काय झालं? पुढच्या तीन दिवसांत आणखी चार घरटी गेली. काठी नसली तरी तो होताच. तो कुठे वाकतो एवढं कळलं की पुरे होतं. नवातलं एक उरलं, तेही लाकडाच्या एका मोठ्या ओंडक्याच्या मागे होतं आणि त्याला स्वतःलाच ते उशिरा सापडलं होतं म्हणून. त्यात दोन अंडी होती.

त्याने बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मध्ये कुठे स्वतःला झाकलं नाही.

"काका," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "बाकीच्या नद्यांवर मी आत्ताच कळवते. तुम्ही एक करा. त्या बेटावर पाऊल टाकू नका. पिल्लं बाहेर येईपर्यंत अजिबात नाही."

"किती दिवस?"

"तुम्हीच सांगता ना, अंडी कधी घातली ते. बावीस दिवस धरा."

ओंडक्यामागची अंडी बाकीच्यांपेक्षा दोन दिवस उशिराची, म्हणजे अजून तेरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर बसला, चहा प्यायला. भिंतीवर व्याही हजर. तो उठला आणि नदीकडे पाठ करून उलट्या वाटेने चालायला लागला. कावळे थोडे घुटमळले, मग आले मागोमाग. बंद पडलेल्या वीटभट्टीपर्यंत त्याने त्यांना नेलं. वाटेत मुद्दाम थांबायचा, वाकायचा, मातीला हात लावायचा. कावळे उतरायचे, माती उकरायचे, काही नाही. असं तो दिवसभर त्यांना नादाला लावायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांना करमणूक झाली. "नावाडी, काय पेरताय रस्त्यात?" कोणीतरी विचारलं. "तुझ्या आजोबांना," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. त्याच्या टाचांना भेगा पडल्या, गुडघा सुजला, तरी त्याने तेरातले बारा दिवस असे ओढून काढले.

रोज संध्याकाळी तो मेव्हण्याला विचारायचा, लांबून दिसतं का काही. आधी त्याची माफी मागितली होती, तीही धड नाही, नुसतं खांद्यावर हात ठेवून. मेव्हणा सांगायचा, मादी ओंडक्यामागे उतरताना दिसते दाजी. पोट भिजवून जाते.

तेराव्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढं कळूनही? हो, एवढं कळूनही. सात वर्षं रोज ज्यांना बघितलं, त्यांतलं शेवटचं घरटं, आणि आज अंडं फुटायचा दिवस. बायको म्हणाली, "नका जाऊ." तो म्हणाला, "भर उन्हात कावळे सावली धरून असतात. एकदाच. लांबून." तिने पुन्हा सांगितलं, नका जाऊ. त्याने मेव्हण्याचा चौकड्यांचा सदरा मागून आणला, त्याची टोपी घातली, मागच्या दाराने निघाला आणि मेव्हण्याच्याच होडीतून गेला. चालही बदलली, छोटी छोटी पावलं टाकत. वर बघितलं, आभाळ रिकामं. झाडं गप्प.

लांबून दिसेना, म्हणून तो जवळ गेला. ओंडक्यामागे दोन्ही अंडी होती आणि एकाला बारीक चांदणीसारखा तडा गेला होता. तो गुडघ्यावर बसला, कान खाली नेला. आतून आवाज येत होता. इतका बारीक, की आपल्या छातीची धडधड त्याला मोठी वाटली. डोक्यावर मादी चिरचिरत होती. "जातो, जातो बाई," तो तिला म्हणाला आणि खरोखरच लगेच निघाला. आपल्या पावलांचे ठसेही टोपीने पुसत गेला.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. आवाज कसा होता ते करून दाखवलं. तिला हसू आलं, त्यालाही आलं. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला आणि गाढ झोपला. त्याला आनंद झाला होता, साधा, निखळ आनंद, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

सकाळी तो कप घेऊन ओट्यावर आला. भिंत रिकामी होती.

त्याने झाडावर पाहिलं. छपरावर पाहिलं. बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि सवयीने म्हणाली, "आज व्याही नाहीत का..." आणि तिचा हात तसाच राहिला. तो तोवर निम्म्या वाटेवर होता. सुजलेल्या गुडघ्याने तो कसा पळाला, होडी कशी ढकलली, त्याचं त्याला आठवत नाही.

ओंडक्याशी पाच कावळे फिरत होते. घाई नाही, भांडण नाही. जेवण उरकल्यावर माणसं अंगणात फिरतात तसे. वर मादी चकरा मारत होती, आणि आज ती चिरचिरतसुद्धा नव्हती. तो ओरडला, वाळू फेकली, वल्हं फेकलं. कावळे वल्ह्यापुरते बाजूला झाले आणि पुन्हा बसले. एक तर त्याच्या होडीच्या टोकावर येऊन बसला. पाचही जण त्याच्याकडे तोंड करून होते. ते पळत नव्हते, कारण ते वाट पाहत होते. पुढचं घरटं दाखवायला तो कधी निघतो, त्याची.

त्याने खाली बघितलंच नाही. खळगा कसा असणार हे त्याला माहीत होतं.

हंगाम संपला की बाईंकडे एक कागद भरून पाठवायचा असतो. जात, घरटी किती, पिल्लं किती, आणि शेवटच्या रकान्यात नुकसानीचं कारण. नदी सुरयासमोर त्याने लिहिलं: घरटी एकशे ब्याण्णव, पिल्लं दोनशे चाळीस. कारणाच्या रकान्यात, थोडी पाण्याने गेली. खालच्या ओळीत काळपोटा. घरटी नऊ. पिल्लं शून्य. शेवटच्या रकान्यापाशी तो बराच वेळ पेन धरून बसला. बायको म्हणाली, "लिहा की कावळे." त्याने मान हलवली आणि लिहिलं: राखणदार.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. "काका, हे काय लिहिलंय तुम्ही? असं कारण यादीत नाही. मी कावळे करते."

"करू नका," तो म्हणाला.

"अहो, चूक एकट्या तुमची नाही. काठ्या सगळीकडे लावा म्हणून मीच सांगितलं होतं. तुमचं नाव असं कागदावर मी राहू देणार नाही."

"मग तुमचं नाव तुम्ही लिहा बाई, त्याच्या खाली," नावाडी म्हणाला. "जागा आहे. माझं मात्र तसंच राहू द्या."

मग पलीकडून पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "लिहिलं."